शहरालाच वर्ग मानणारा प्राध्यापक

समाजकार्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी आठवड्यातील काही ठरावीक दिवस वर्गात दिसत नाहीत. कोणी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असतो, कोणी बालगृहात, कोणी झोपडपट्टीतल्या एखाद्या बालवाडीत. परतल्यावर जे पाहिले, जे केले आणि जे जमले नाही ते सारे लिहून काढायचे आणि मार्गदर्शक अध्यापकांसमोर बसून त्याची चिकित्सा करून घ्यायची, हा तेथील शिरस्ता. विद्यार्थ्यांच्या बोलीत याला ‘फील्डवर्क’ म्हणतात. आज तो सर्वांच्या अंगवळणी पडला असला, तरी मुंबईत त्याचा पाया घालणाऱ्या डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांचे नाव मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

मॅन्शार्ट मूळचे अमेरिकेचे. त्यांचा जन्म १८९७ चा. त्यांची जडणघडण झाली ती शिकागोत. धर्मशास्त्राचा अभ्यास त्यांनी तेथेच केला. गरिबांच्या वस्तीत स्वतः राहून तेथील जीवन समजून घ्यायचे, हा प्रयोग जेन अ‍ॅडम्स यांनी १८८९ साली ‘हल हाउस’च्या रूपाने त्याच शहरात सुरू केला होता. त्या विचारांची शिदोरी घेऊन १९२५ साली मॅन्शार्ट मुंबईस आले ते अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते म्हणून. या मिशनचे मुंबईशी नाते १८१३ पासूनचे आणि ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकामुळे मराठी वाचकांच्याही परिचयाचे.

त्यांनी कार्यक्षेत्र निवडले ते नागपाड्याचे. मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती अशा नाना धर्मांच्या लोकांची दाटीवाटीची वस्ती, शेजारी कामाठीपुरा आणि पलीकडे गिरण्यांची धुरांडी. १९२७ साली येथे ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ उभे राहिले. अभ्यासवर्ग, वाचनालय, खेळ, आरोग्याविषयीचे मार्गदर्शन असे उपक्रम तेथे चालत. ही वास्तू धर्मप्रसाराचे केंद्र होऊ नये, तिचे दार सर्वांना सारखेच उघडे असावे, असा मॅन्शार्ट यांचा आग्रह होता. मिशनने पाठविलेल्या माणसाने अशी भूमिका घेणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. धर्मांतराविषयीच्या गांधीजींच्या लेखनाचे संकलन पुढे १९४९ साली त्यांनीच संपादित करून प्रसिद्ध केले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

शहराचा अभ्यास हा त्यांचा ध्यास होता. मुंबईच्या प्रश्नांवर जाणकारांची व्याख्याने नागपाड्यात भरवून ती त्यांनी पुस्तकरूपाने छापली. १९३० आणि १९३४ साली निघालेली ती पुस्तके आणि मुंबई महापालिकेच्या कारभारावरील १९३५ चे पुस्तक पाहिले, तर या शहराकडे पाहण्याची त्यांची पद्धत कळते. केवळ दयाबुद्धीने ते शहराकडे पाहत नव्हते. पाण्याचा नळ कोठे आहे, घर केवढे आहे, दवाखाना किती दूर आहे, येथून त्यांचा विचार सुरू होई.

दहाएक वर्षांच्या या अनुभवातून एक गोष्ट त्यांना उमगली. सेवाभावी माणसांची मुंबईत वाण नव्हती. वाण होती ती प्रशिक्षित माणसांची. आणि नेबरहुड हाउससारखी एखादी वास्तू फार तर एका मोहल्ल्याला पुरणार होती. १९३२ साली सर दोराबजी टाटा यांनी विश्वस्त निधी स्थापन केला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. या निधीचा विनियोग कसा व्हावा याबाबत मॅन्शार्ट यांचा सल्ला घेतला जाऊ लागला. केवळ देणग्या वाटण्यापेक्षा समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय काढावे, ही त्यांची कल्पना विश्वस्तांनी उचलून धरली. १९३६ साली ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते आणि संचालकपदी मॅन्शार्ट. विद्यालय भरू लागले ते नागपाड्यातच. वर्गाबाहेर पाऊल टाकले की समोर अभ्यासाचा विषय, अशी ती जागा होती. १९३७ साली विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र काढले. उपचार आणि अध्यापन ही दोन्ही कामे तेथे एकाच छपराखाली होत.

आक्षेप अर्थातच होते. पाठ्यक्रम अमेरिकी वळणाचा होता. स्वातंत्र्य चळवळीत हजारो माणसे विनावेतन झिजत असताना समाजकार्याची पदविका कशाला आणि त्यासाठी पगार का घ्यायचा, हा प्रश्न गैरलागू नव्हता. पाश्चात्त्य नमुना जसाच्या तसा उचलल्याची टीका या शिक्षणावर पुढेही होत राहिली. मात्र शास्त्र आयात केलेले असले, तरी विद्यार्थ्याला रोज भिडावे लागत होते ते मुंबईलाच.

१९४१ साली मॅन्शार्ट यांनी संचालकपद सोडले आणि ती धुरा डॉ. जे. एम. कुमारप्पा यांच्याकडे गेली. १९४४ साली संस्थेचे नाव ‘टाटा समाजविज्ञान संस्था’ झाले. फाळणीनंतर संस्थेचे विद्यार्थी व अध्यापक कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत कामाला गेले. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० वा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत कल्याण अधिकारी सक्तीचा केला, तेव्हा अशा प्रशिक्षणाची गरज सरकारदरबारीही मान्य झाली. १९५४ साली संस्था देवनारला गेली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अत्याचारग्रस्त महिलांसाठी १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सोबतीने सुरू झालेला विशेष कक्ष आणि १९९६ ची ‘चाइल्डलाइन’ हे दोन्ही उपक्रम याच क्षेत्रकार्याच्या परंपरेतून उगवले. मॅन्शार्ट यांनी आपल्या मुंबईतील कार्याचा वृत्तान्त १९६७ साली ग्रंथरूपाने मांडला. त्यांना जाऊनही आता बराच काळ लोटला आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवी अभ्यासक्रमांत इंटर्नशिपला श्रेयांक मिळू लागले आहेत. हे स्वागतार्ह आहे. परंतु विद्यार्थ्याला एखाद्या कचेरीत पाठवायचे आणि महिनाअखेरीस प्रमाणपत्र घेऊन परतू द्यायचे, एवढ्याने शिक्षण होत नाही. त्याने काय पाहिले हे विचारणारा, चुकले तेथे थांबवणारा आणि त्या शहराची नस ओळखणारा अध्यापक त्याच्या पाठीशी असावा लागतो. नागपाड्यातल्या त्या २० विद्यार्थ्यांना असा अध्यापक लाभला होता.