राजेरजवाड्यांचा यजमान

उंची हॉटेलात जेवायला जाणारा माणूस काही गोष्टी गृहीत धरूनच आत पाऊल टाकतो. टेबलावर शुभ्र कापड असावे, दिव्यांचा उजेड डोळ्यांना सुखवावा, पाण्याचा पेला न सांगता भरला जावा आणि मागच्या खेपेस आपल्याला काय आवडले होते, हे वाढणाऱ्याने ध्यानात ठेवलेले असावे. पदार्थाच्या चवीइतकीच वागणुकीलाही चव असते, हे ज्यांनी युरोपातील धनिकांना शिकविले, त्यांत सेझार रिट्झ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. राजेरजवाड्यांची सरबराई करणारा हा माणूस जन्माने मात्र गरीब शेतकऱ्याचा मुलगा होता.

स्वित्झर्लंडमधील नीडरवाल्ड या डोंगराळ खेड्यात २३ फेब्रुवारी १८५० रोजी रिट्झ यांचा जन्म झाला. आईवडिलांचे ते तेरावे अपत्य. पंधराव्या वर्षी त्यांना ब्रिग गावातील एका हॉटेलात मद्य वाढण्याच्या कामावर उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. तेथील मालकाने मात्र या मुलाच्या अंगी हॉटेलच्या धंद्याला लागणारा गुणच नाही, असा निर्वाळा देऊन त्याला घरी पाठविले. आतिथ्याच्या इतिहासात इतका चुकलेला निर्वाळा क्वचितच सापडेल.

१८६७ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले होते. नशीब अजमाविण्यासाठी रिट्झ तेथे पोहोचले. पडेल ते काम करीत ते वेटर झाले आणि पुढे व्वाझँ या नामांकित भोजनगृहात त्यांना जागा मिळाली. शहरातील मातब्बर मंडळी तेथे जेवायला येत. त्यांची नावे, सवयी, आवडीनिवडी आणि नावडीही रिट्झ मनात टिपून ठेवू लागले. हे पाठांतरच पुढे त्यांचे भांडवल ठरले. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनाच्या वेळी तेथील एका फ्रेंच भोजनगृहात काम करताना इंग्लंडच्या युवराजांची, म्हणजेच पुढील काळातील राजे सातवे एडवर्ड यांची सेवा करण्याची संधी त्यांना मिळाली. हा संबंध आयुष्यभर टिकला.

रिट्झ यांच्या प्रसंगावधानाची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. रिगी पर्वतावरील हॉटेलात ते काम करीत असताना एके दिवशी कडाक्याच्या थंडीत इमारत उबदार ठेवणारी यंत्रणा बंद पडली. जेवणासाठी चाळीस अमेरिकन पाहुणे वाटेवर होते. रिट्झ यांनी टेबले तांबड्या पडद्यांच्या दिवाणखान्यात हलविली, तांब्याच्या मोठ्या भांड्यांत स्पिरिट ओतून ते पेटविले आणि विटा तापवून, लोकरी कापडात गुंडाळून पाहुण्यांच्या पायांखाली ठेवविल्या. वाफाळत्या सुपाने जेवणाची सुरुवात झाली. पाहुणे समाधानाने परतले. ही वार्ता ल्युसर्नच्या ग्रँड हॉटेल नॅशनलच्या मालकांच्या कानावर गेली आणि तेथील व्यवस्थापन रिट्झ यांच्याकडे आले. तोट्यात असलेले ते हॉटेल काही वर्षांतच नावारूपाला आले.

हिवाळ्यात ते मॉन्टे कार्लोचे ग्रँड हॉटेल सांभाळीत. १८८४ मध्ये तेथे त्यांनी ऑगस्ट एस्कोफिए या बल्लवाचार्यांना आणले. एकाने स्वयंपाकघर सांभाळावे आणि दुसऱ्याने दालन, अशी ही जोडी जमली. एस्कोफिए यांनी स्वयंपाकघरात कामांची काटेकोर वाटणी केली. त्यामुळे एकाच पदार्थाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या हातांनी एकाच वेळी तयार होऊ लागले आणि तो गरमागरम टेबलावर येऊ लागला. सेवेचा वेग स्वयंपाकघरात ठरतो, हे दोघांनीही ओळखले होते.

नाट्यगृहाचे मालक रिचर्ड डॉयली कार्ट यांनी १८८९ मध्ये लंडनमध्ये सॅव्हॉय हॉटेल उघडले. विजेचे दिवे आणि लिफ्ट असूनही त्याचा जम बसेना, तेव्हा त्यांनी रिट्झ यांना पाचारण केले. त्या काळी प्रतिष्ठित इंग्रज घरांतील स्त्रिया सार्वजनिक ठिकाणी सहसा जेवत नसत. रिट्झ यांनी सायंकाळचा औपचारिक पोशाख सक्तीचा केला, मंद संगीताची योजना केली आणि नाटक संपल्यावरच्या उशिराच्या जेवणाला प्रतिष्ठा मिळवून दिली. एकट्या आलेल्या स्त्रीला प्रवेश नाकारणारा त्यांचा नियम आज खटकेल. पण कुटुंबातील स्त्रियांसह बाहेर जेवणे सभ्य मानले जाऊ लागले, ते याच दालनामुळे. ऑपेरा गायिका नेली मेल्बा यांच्या नावाचा पीच मेल्बा हा गोड पदार्थही एस्कोफिए यांनी येथेच घडविला.

या यशाला काळी बाजूही होती. मार्च १८९८ मध्ये सॅव्हॉयच्या संचालकांनी रिट्झ आणि एस्कोफिए यांना बडतर्फ केले. हजारो पौंडांच्या मद्याचा हिशेब लागत नव्हता आणि पुरवठादारांकडून दलाली घेतल्याचा आरोप होता. दोघांनी पुढे लेखी कबुली दिली. हे प्रकरण मिटविण्यात आले आणि ती कागदपत्रे १९८० च्या दशकापर्यंत जगासमोर आली नाहीत. पाहुण्यांच्या बाबतीत कसूर न करणाऱ्या या माणसाने मालकांचा विश्वास मात्र राखला नाही, ही नोंद चरित्रकाराला टाळता येत नाही.

बडतर्फीनंतर तीनच महिन्यांत, १ जून १८९८ रोजी, पॅरिसच्या प्लास वाँदोम चौकात त्यांच्या नावाचे हॉटेल उभे राहिले. खोल्यांना जोडून स्नानगृहे ही त्या काळातील नवलाई तेथे होती. दिव्यांच्या आच्छादनाचा रंग ठरविण्यासाठी रिट्झ यांनी पत्नी मारी यांना बसवून, कोणत्या छटेत चेहरा खुलून दिसतो, याची वारंवार पारख केली. स्वच्छतेबाबत ते कमालीचे दक्ष होते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचे कार्लटन हॉटेल सुरू झाले. रिट्झ-कार्लटन या जोडनावाचे मूळ याच दोन हॉटेलांच्या नावांत आहे.

मात्र ही अखंड दक्षता त्यांना आतून पोखरत होती. २६ जून १९०२ रोजी राजे एडवर्ड यांचा राज्याभिषेक व्हायचा होता. कार्लटनमध्ये मेजवान्यांची जय्यत तयारी झाली होती. दोनच दिवस आधी राजांवर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागल्याने सोहळा पुढे ढकलण्यात आला. रिट्झ यांनी पाहुण्यांना ही वार्ता शांतपणे सांगितली, रद्द झालेल्या कार्यक्रमांची निरवानिरव केली आणि त्यानंतर ते कोसळले. राजे बरे झाले. ऑगस्टमध्ये त्यांचा राज्याभिषेकही झाला. रिट्झ मात्र त्या धक्क्यातून पूर्णपणे सावरले नाहीत.

१९०६ मध्ये लंडनला रिट्झ हॉटेल उघडले, तेव्हा त्यांची उमेद ओसरत चालली होती. काही वर्षांतच त्यांनी व्यवसायातून अंग काढून घेतले. अखेरची वर्षे मानसिक आजारात आणि आरोग्यगृहात गेली. ऑक्टोबर १९१८ मध्ये, पहिले महायुद्ध संपायला काही दिवस उरले असताना, स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या हॉटेलाची धुरा मारी यांनी पुढे अनेक वर्षे वाहिली.

त्यांच्या आडनावावरून इंग्रजीत थाटमाटाचे वर्णन करणारा ‘रिट्झी’ हा शब्द रूढ झाला. थाटमाट पैशाने उभा करता येतो. पाहुण्याच्या पायाला थंडी वाजेल, हे आधी ओळखण्यासाठी मात्र माणूस लागतो. त्या माणसावर किती भार पडतो, हे टेबलावर बसलेल्याला सहसा दिसत नाही. जेवण मनासारखे झाल्यावर वाढणाऱ्याकडे एकदा मान वर करून पाहण्याइतके तरी भान रिट्झ यांच्या आयुष्यातून यावे.