रुख पक्ष्यावरचा राजा आणि जमशेटजी

बालमित्रांनो, सिंदबादची गोष्ट तुम्ही ऐकली आहे ना? त्यातला हत्ती उचलून नेणारा रुख पक्षी आठवतो? तोच रुख एका लढाऊ जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लाकडात कोरून बसवला होता. त्याच्या पाठीवर एक राजा आहे आणि राजाच्या हातात छत्री! (आम्हा मोठ्यांना आधी तो विष्णूचा गरुडच वाटला.) हा राजा म्हणजे टिपू सुलतान, असे मानतात. जहाजाचे नाव होते 'सेरिंगपटम', म्हणजे आपले श्रीरंगपट्टण. टिपू तिथेच १७९९ मध्ये लढताना पडला. गंमत अशी, की त्याला हरवणाऱ्या इंग्रजांच्याच आरमारासाठी १८१९ मध्ये हे जहाज तयार झाले, तेही मुंबईच्या गोदीत.

त्या गोदीचे मुख्य कारागीर होते जमशेटजी बोमनजी वाडिया. जन्म १७५४ चा. आजोबा लवजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि जहाजबांधणी हा घरचा धंदाच झाला. तरीही जमशेटजींनी सुरुवात साध्या सुतारकामापासून केली. १७९२ मध्ये चुलतभाऊ फ्रामजींबरोबर ते मुख्य कारागीर झाले.

त्यांची जहाजे मलबारच्या सागवानाची. (आपल्या इथे बहारीनमध्येही जुन्या लाकडी जहाजांसाठी हेच सागवान समुद्रमार्गे येई.) १८१० मध्ये त्यांनी ७४ तोफांचे 'मिंडेन' बांधले. 'ट्रिंकोमाली'च्या बांधणीच्या आरंभी पारशी रीतीप्रमाणे तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ते जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे!

पण गोऱ्या साहेबांच्या लेखी हिंदी कारागीर म्हणजे काळा माणूस. त्यांची एक गोष्ट सांगतात. १८०० साली बांधलेले 'कॉर्नवॉलिस' जहाज बऱ्याच वर्षांनी दुरुस्तीला आले, तेव्हा जमशेटजींनी साहेबांना आत खाली नेले आणि तळाच्या तुळईवर कोरलेली अक्षरे दाखवली. हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले, असे तिथे इंग्रजीत लिहिले होते, शिवाय वर एक शिवीही! म्हणजे साहेब मागे जे बोलत, तेच त्यांनी जहाजाच्या पोटात कोरून ठेवले होते. नाळेवरची मूर्ती सगळ्यांना दिसे. हे मात्र इतकी वर्षे कोणाला दिसले नव्हते.

जमशेटजी १८२१ मध्ये वारले. लंडनमधल्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात रुखवरचा राजा जपून ठेवला आहे. त्याच संग्रहालयात जमशेटजींचे तैलचित्रही आहे: हातात 'मिंडेन'चा नकाशा आणि कमरेच्या शेल्यात खोचलेली चांदीची मोजपट्टी.