अणूला शिस्त लावणारा शास्त्रज्ञ : वोल्फगांग पाउली

मूलद्रव्यांची आवर्तसारणी शालेय वयात प्रत्येकाच्या परिचयाची होते. तिच्या पहिल्या ओळीत २ मूलद्रव्ये, पुढील दोन ओळींत ८-८, त्यानंतरच्या दोन ओळींत १८-१८ आणि मग ३२. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये ही सारणी मांडली ती अणुभार आणि रासायनिक गुणधर्म यांच्या आधारे. गुणधर्मांची पुनरावृत्ती का होते आणि ती याच संख्यांनी का होते, याचा उलगडा होण्यास मात्र १९२५ साल उजाडावे लागले. तो करणारे वोल्फगांग पाउली त्यावेळी अवघ्या २४ वर्षांचे होते.

पाउली यांचा जन्म २५ एप्रिल १९०० रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील वैद्यक आणि रसायनशास्त्राचे अभ्यासक, तर विख्यात तत्त्वचिंतक व भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख हे त्यांचे धर्मपिता. म्युनिक विद्यापीठात आर्नोल्ड झोमरफेल्ड यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९२१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी सापेक्षता सिद्धांतावरील त्यांचा २३७ पानांचा विस्तृत लेख प्रसिद्ध झाला आणि त्याने खुद्द आइन्स्टाइन यांनाही प्रभावित केले.

१९२२ मध्ये ग्योटिंगेन येथे नील्स बोर यांची व्याख्याने पाउली यांनी ऐकली. अणुकेंद्राभोवतीचे इलेक्ट्रॉन निरनिराळ्या कवचांत विभागलेले असतात आणि सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनच मूलद्रव्याचा रासायनिक स्वभाव ठरवतात, असे बोर सांगत होते. पण एक प्रश्न अनुत्तरित होता. प्रत्येक वस्तू किमान ऊर्जेच्या स्थितीकडे झुकते. मग सारेच इलेक्ट्रॉन सर्वांत आतल्या कवचात का गोळा होत नाहीत? तसे झाले असते, तर लिथियम आणि सोने यांच्या रासायनिक वर्तनात आज दिसतो तसा भेद उरला नसता.

या कोड्याची किल्ली पाउली यांना वर्णपटांत सापडली. चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा ज्या विचित्र रीतीने विभागल्या जातात, त्याचा ते कोपनहेगन व हॅम्बुर्ग येथे अभ्यास करीत होते. इंग्लंडमधील एडमंड स्टोनर यांच्या १९२४ मधील निबंधाने त्यांना दिशा दिली. इलेक्ट्रॉनची अवस्था सांगण्यास तीन पुंजांक पुरत नाहीत, केवळ दोनच मूल्ये घेणारा चौथा पुंजांकही हवा, असे त्यांनी मांडले. एकाच अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंजांक सारखे असू शकत नाहीत, हेच त्यांचे प्रसिद्ध विवर्जन तत्त्व.

या एका नियमाने हिशेब जुळला. पुंजांकांच्या शक्य जोड्या मोजल्या की पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८ आणि चौथ्यात ३२ जागा मिळतात. निऑनच्या १० इलेक्ट्रॉनांनी पहिली दोन कवचे पूर्ण भरतात, म्हणून तो निष्क्रिय. सोडियमच्या अकराव्या इलेक्ट्रॉनला तिसऱ्या कवचात जावे लागते आणि तो एकटा इलेक्ट्रॉन सहज सुटतो, म्हणून सोडियम अतिक्रियाशील. तिसऱ्या कवचाची क्षमता १८ असूनही तिसरी ओळ आठांवर थांबते, कारण पोटॅशियमच्या एकोणिसाव्या इलेक्ट्रॉनला चौथ्या कवचातील जागा कमी ऊर्जेची पडते. तिसऱ्या कवचातील उरलेल्या १० जागा स्कँडियमपासून जस्तापर्यंत भरत जातात.

तर्कातील ढिलाई पाउली यांना खपत नसे. त्यांच्या कठोर टीकेचा धाक साऱ्या युरोपातील भौतिकशास्त्रज्ञांना होता. चौथ्या पुंजांकाचा संबंध इलेक्ट्रॉनच्या परिवलनाशी, म्हणजे ‘स्पिन’शी आहे, ही राल्फ क्रोनिग यांची कल्पना त्यांच्या टीकेमुळेच अप्रसिद्ध राहिली, पुढे १९२५ मध्येच ती उलेनबेक आणि गाउडस्मिट यांच्या नावावर जमा झाली.

वैयक्तिक आयुष्यात मात्र त्यांना मोठे आघात सोसावे लागले. १९२७ मध्ये आईने आत्महत्या केली, १९३० मध्ये पहिला विवाह मोडला. या काळात त्यांनी मनोविश्लेषक कार्ल युंग यांची मदत घेतली. तरीही संशोधन थांबले नाही. १९३० च्या डिसेंबरमध्ये त्यांनी एका अदृश्य, विद्युतभाररहित कणाचे भाकीत केले; तो न्यूट्रिनो १९५६ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाला. झुरिक येथे त्यांच्याकडे काम केलेल्या तरुणांत मुंबईचे होमी भाभाही होते.

विवर्जन तत्त्वासाठी पाउली यांना १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डिसेंबर १९४६ मधील नोबेल व्याख्यानात मात्र, या तत्त्वाचे मूलभूत तार्किक कारण आपल्याला देता आलेले नाही, अशी खंत त्यांनी व्यक्त केली. इतरांना लावलेली कसोटी त्यांनी स्वतःलाही लावली होती. १५ डिसेंबर १९५८ रोजी झुरिक येथे त्यांचे निधन झाले.

२०१६ मध्ये ११८ व्या मूलद्रव्याचे ओगॅनेसन असे नामकरण झाले आणि आवर्तसारणीची सातवी ओळ पूर्ण झाली. त्या ओळीतील मूलद्रव्यांची संख्याही पाउली यांच्या हिशेबानुसार ३२ च भरते.