कर्मवीर दादासाहेब गायकवाड : चळवळीच्या शाळेत घडलेला माणूस

आपल्या वस्तीतील तरुण पोरं जयंतीच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे असतात. पण राजकारण म्हटलं की म्हणतात, ते घाण आहे, आपण कशाला त्यात पडायचं! आणि निवडणूक आली की त्यातलीच काही पोरं कुणाचाही झेंडा खांद्यावर घेऊन चार दिवस फिरतात. हे पाहून आम्हांला वाईट वाटते. म्हणून विहाराच्या वर्धापनदिनी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे जीवन पोरांपुढे ठेवीत आहोत.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी झाला. २ मार्च १९३० ला परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा भाऊराव अवघे सत्तावीस वर्षांचे होते. सत्याग्रह समितीचे चिटणीसपद त्यांच्याकडे होते. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांवर बसली. ९ एप्रिलला, रामनवमीच्या रथाच्या वेळी, दगडफेक झाली. बाबासाहेब गोलमेज परिषदेला विलायतेस गेले, तेव्हा नाशिकचा भार भाऊरावांसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनीच पेलला.

चिटणीसपद म्हणजे नुसता मान नव्हे. दरवाजावर आज कोण बसणार, उद्या कोण बसणार, तुरुंगात गेलेल्याच्या घरी चूल पेटते की नाही, पैसा कुठून आणायचा, हे सारं बघावं लागतं. आम्ही गिरणीत युनियनची पावतीपुस्तकं घेऊन खात्याखात्यांतून हिंडलो, तेव्हा आम्हांला हे उमगले. सभेत टाळ्या वाजवून ते कळत नाही.

पाच वर्षे लढा चालला, तरी मंदिर उघडले नाही. मग ती वर्षे फुकट गेली का? मुळीच नाही. माणसं निर्भय झाली, संघटना उभी राहिली, आणि देवळाच्या दारात आपली मुक्ती नाही हे अनुभवानेच कळले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३७ ला भाऊराव स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून गेले. देवळाच्या दारातला कार्यकर्ता कायद्याच्या सभागृहात पोचला!

१९५७ ला ते नाशिकमधून लोकसभेवर गेले, १९६२ पासून राज्यसभेत होते. पण खुर्ची मिळाली म्हणून रस्ता सोडला नाही. भूमिहीनांसाठी १९५९ ला सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर पुन्हा लढा उभारला, त्यात लाखो बायाबापड्यांनी अटक करून घेतली. त्यांच्या हयातीतच रिपब्लिकन पक्षात फूट पडली, हेही पोरांपासून लपवू नये. चळवळीत कुठे दुखते तेही आत शिरल्याशिवाय कळत नाही. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेबांचे निधन झाले.

पोरांनो, दादासाहेब एका दिवसात कर्मवीर झाले नाहीत. तुम्हीही लहान कामापासून सुरुवात करा. वस्तीतल्या कुणाचं नाव मतदारयादीतून गळालं ते बघा. पाण्याचा अर्ज घेऊन स्वतः वॉर्ड ऑफिसात जा, पोच घ्या, आठ दिवसांनी परत जा. विहाराचा जमाखर्च लिहा आणि सर्वांसमोर वाचून दाखवा. नगरसेवकाला प्रश्न विचारा. राजकारणातून आपण बाहेर राहिलो म्हणजे ते थांबत नाही, ते आपल्याला वगळून चालतं.

दादासाहेबांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन. जयभीम! नमो बुद्धाय!