उद्यावर गेलेली तयारी: हजरत कअब बिन मालिक (रजि.)

वाचकहो, ही कोणा आळशी माणसाची कथा आहे असे समजू नका. हजरत कअब बिन मालिक (रजि.) हे मदीनेचे नामांकित कवी, अकबाच्या प्रतिज्ञेस हजर असलेले अन्सारी. हिजरी 9 मध्ये तबूकची मोहीम जाहीर झाली तेव्हा ते धडधाकट व सुस्थितीत होते. आयुष्यात प्रथमच त्यांच्या दारी एका वेळी दोन उंट होते. कडक उन्हाळा, पिकलेली फळे, हवीशी सावली. रोज सकाळी ते तयारीसाठी बाहेर पडत आणि काहीही न करता परतत. मनात आणले की होईल, हा भरवसा तुमच्या-माझ्याही परिचयाचा आहे. सैन्य निघाले. एक-दोन दिवसांत गाठू, असे त्यांनी ठरविले, तेही राहिले.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) परतले तेव्हा ऐंशीहून अधिक जणांनी सबबी पुढे केल्या. कअब (रजि.) यांनी आपल्यापाशी सबब नाही, हे कबूल केले. निर्णय अल्लाहवर सोपविला गेला. त्यांच्याशी व आणखी दोघांशी सर्वांनी बोलणे सोडले. गस्सानच्या राजाचे आश्रय देऊ करणारे पत्र आले, ते त्यांनी भट्टीत टाकले. हे काम मात्र उद्यावर गेले नाही! पन्नासाव्या दिवशी फज्रनंतर ते छतावर बसले असता सलअ डोंगरावरून शुभवार्तेची हाक आली. तौबा कबूल झाली होती. सूरह तौबामध्ये त्याचा उल्लेख आहे.

उतारवयात दृष्टी गेल्यावर पुत्र अब्दुल्लाह त्यांना हात धरून नेत असत. त्याच पुत्राला त्यांनी त्या रिकाम्या गेलेल्या सकाळींची हकीकत, काहीही न लपविता, सांगितली.