मेंदूचा तराजू

डोक्याला इजा न करता मेंदूचे काम पाहता येईल काय? या प्रश्नाचा ध्यास घेणारे शास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांचा जन्म 1846 साली इटलीतील तुरीन शहरी झाला. त्यांचे वडील सुतार होते. घरी गरिबी होती. परंतु विद्येची ओढ विलक्षण. मोस्सो कष्टाने वैद्यक शिकले व पुढे तुरीनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

बेर्तिनो नावाच्या शेतकऱ्याच्या कवटीला अपघाताने भोक पडले होते. तेथून मेंदूची स्पंदने मोजता येत. मोस्सोंनी त्याला आठाला बाराने गुणावयास सांगितले, तोच स्पंदने वाढली! विचार करताना मेंदूकडे रक्त अधिक धावते, हे त्यांनी ताडले. पण धडधाकट माणसाची कवटी का उघडावयाची?

1882 च्या सुमारास त्यांनी एक लांब लाकडी फळी तराजूच्या दांडीप्रमाणे तोलून धरली. तीवर माणसास उताणे निजवून ते दोन्ही बाजू समतोल करीत. श्वासानेही फळी डुले. म्हणून खाली जड वजन टांगले. मनुष्य विचारात गढला, की फळी डोक्याकडे किंचित कललेली त्यांना दिसे.

साधन ढोबळ होते. ते मागे पडले. 1910 साली मोस्सो निवर्तले. 1990 नंतर प्रबळ चुंबकाच्या यंत्राने, मेंदूतील रक्तात होणाऱ्या बदलांवरून, त्याच्या कार्याची चित्रे मिळू लागली. यंत्र नवे खरे. पण त्यामागील कल्पना सुताराच्या मुलाने फळीवर आधीच तोलून पाहिली होती.