रॉकेटगाडीवरचा डॉक्टर

मोटारीत पुढच्या सीटवर आई बसली आहे आणि तिच्या मांडीवर तान्हे बाळ आहे, असे दृश्य तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. आईने बाळाला दोन्ही हातांनी घट्ट धरलेले असते. तेवढे पुरेसे आहे, असे तुम्हांला वाटते का? मग डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांची हकिकत ऐका.

स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझीलमध्ये झाला. त्यांचे आईवडील अमेरिकन मिशनरी होते. जॉन कॉलेजात असताना १९२८ च्या नाताळच्या सुट्टीत नात्यातले एक तान्हे मूल शेकोटीत भाजले. जॉन यांनी त्याची शुश्रूषा केली; पण मूल वाचले नाही. तेव्हाच त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरवले. पैशांची चणचण होती. मधे शिक्षकाची नोकरी करावी लागली. डॉक्टरची पदवी हाती यायला १९४४ साल उजाडले!

पुढे ते अमेरिकेच्या विमानदलात गेले. विमान आपटल्यावर आतला माणूस किती धक्का सोसू शकतो, हे शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यासाठी रुळांवरून रॉकेटच्या जोरावर धावणारी एक गाडी होती. ती भरधाव सोडायची आणि एकदम थांबवायची. आधी तिच्यात पुतळा बसवला. मग माणसाची पाळी आली, तेव्हा १९४७ च्या डिसेंबरात स्टॅप स्वतःच पट्टे बांधून बसले.

पहिल्या खेपेस ते मागे तोंड करून बसले होते. गाडी थांबली, तेव्हा सारा धक्का खुर्चीने त्यांच्या पाठीवर आणि डोक्यावर सारखा वाटून दिला. नंतर ते पुढे तोंड करून बसू लागले, तेव्हा मात्र पट्टे अंगात रुतले. बरगड्या मोडल्या, मनगट मोडले. तरी ते थांबले नाहीत. १० डिसेंबर १९५४ रोजी त्यांची गाडी ताशी १०१७ किलोमीटर वेगाने धावली आणि दीड सेकंदाच्या आत थांबली. त्या क्षणी त्यांच्या अंगावर स्वतःच्या वजनाच्या ४६ पट भार पडला. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले. पण पट्ट्यांमुळे ते वाचले.

आता हा हिशेब बाळाला लावून पाहा. बाळ ६ किलोचे आहे आणि टक्करीत २० पट भार पडला, तर आईच्या हातांना १२० किलो धरावे लागतील. कोणती आई कितीही मायाळू असली, तरी ते कसे धरणार? शिवाय बाळाचे डोके जड आणि मान नाजूक असते. म्हणून तान्ह्या मुलाची खुर्ची गाडीत मागे तोंड करून बांधतात. अशा खुर्चीची चाचणी स्वीडनमध्ये १९६४ साली झाली.

विमानदलाची माणसे विमानांइतकीच मोटारींच्या अपघातांत मरतात, हे स्टॅप यांनी ओळखले होते. प्रत्येक मोटारीत पट्टे हवेत, असे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. १९६६ साली अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली, तेव्हा स्टॅप तेथे हजर होते. १९९९ साली, ८९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्या देशात २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांची खास खुर्ची न वापरता मोटारीतून नेले, तर १००० रुपये दंड होतो.